डायलिसिसवरचा आचारी

डायलिसिसची जाड सुई हातात शिरताना माणसं देवाचं नाव घेतात. काकाजी डोळे मिटून भाजी सांगायचे. "वांगं. लहान, काटेरी. खोबरं भाजून, तीळ भाजून..." मसाला वाटून होईपर्यंत दुसरी सुईही लागलेली असायची.

काकाजी खैरलांजीकडचे आचारी. चाळीस वर्षं त्यांनी लग्नाच्या पंगती रांधल्या. भट्टीपुढे उभं राहून गुडघे गेले, तेव्हा गावच्या किराणा दुकानातून दुखण्याच्या गोळ्या घेऊ लागले. रोज, चहाबरोबर, वर्षानुवर्षं. तेलमिठासोबत किडनी संपवायचीही सोय ठेवणाऱ्या त्या दुकानदाराला आजवर कुणी जाब विचारलेला नाही. काकाजींना त्याचा राग नव्हता. "तो का करन जी? दुखणं तं थांबे!" राग मलाच यायचा. अजून येतो.

बालाघाटच्या ज्या केंद्रात मी टेक्निशियन आहे, तिथे ते आठवड्यातून दोनदा बसने यायचे. दिवसाला दोन पेले पाणी, मीठ नावाला. केळं आणि नारळपाणी तर विषच. त्यातलं पोटॅशियम बिघडलेल्या किडनीला बाहेर टाकता येत नाही, आणि माणसाचं हृदय बंद पडतं. हे मी प्रत्येक पेशंटला कंटाळा येईपर्यंत सांगायचो. काकाजी मान डोलवायचे आणि शेजारच्या पलंगावरच्या बाईला बटाटे दोनदा उकळून पाणी फेकायला शिकवायचे. वर म्हणायचे, "असा बटाटा पंगतीत वाढला असता तं वऱ्हाड्यांनी मलेच तळलं असतं!"

त्यांचा हट्ट एकच. वाढलेलं परत करायचं नाही. सून विसरून मिठाची भाजी वाढायची, तरी मुकाट खायचे, तहानेने पाणी प्यायचे आणि मग वजनकाट्यावर आमच्या शिव्या खायचे. "वाढणाऱ्याचं मन मोडते, भाऊ."

मग एका पुढाऱ्याचा वाढदिवस आला. तुम्हीही पाहिलंच असेल, आपल्याकडे वाढदिवस आला की दवाखान्यात फळवाटपाची साथ येते. सकाळपासून बॅनर, खुर्च्या, फुगे. चार तासांचं डायलिसिस दोन तासांत आवरा, असा हुकूम निघाला. आणि किडनीच्या पेशंटांना वाटायला आणलं होतं काय, तर केळी आणि नारळपाणी! मी मॅनेजरच्या कानात सांगितलं. तो म्हणाला, "अरे, बस फोटो तक की बात है." आणि केळ्यांचा ट्रे माझ्याच हातात दिला.

मी धरला. सांगतानाही स्वतःची किळस येते, पण धरला.

पुढाऱ्याने केळं सोलून काकाजींच्या तोंडाशी नेलं. "खाओ बाबा, खाओ."

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. "खाऊ का, भाऊ?"

सगळे मोबाईल आमच्याकडे वळलेले. मी ट्रेकडे बघत राहिलो. त्यांनी खाल्लं. दुसरं दिलं, तेही खाल्लं. मग नारळपाणी घटाघटा प्यायले. "किती दिसानं घसा ओला झाला जी," म्हणाले आणि लहान पोरासारखे हसले.

पुढारी गेल्यावर मी मॅनेजरला म्हटलं, यांना पुन्हा मशीनवर घेऊ. तो म्हणाला, दुसऱ्या पाळीचे पेशंट दारात बसलेत, परवा बघू. काकाजींनाही बस पकडायची घाई होती. मी त्यांना जाऊ दिलं.

तिसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्याच पहाटे घरी त्यांचं हृदय बंद पडलं होतं.

आठवड्याने त्यांचा मुलगा कागद न्यायला आला. केंद्राच्या दाराशी वाढदिवसाचा मोठा फोटो लावलेला होता. तो थबकला. "हा द्या जी. तेरवीले पाहिजे. घरी बाबाचा एकही फोटो नाही. पंगतीचे फोटो निघतेत, आचाऱ्याचा कोण काढते?"

मी फोटो स्टुडिओत नेला आणि पुढाऱ्याला कापायला लावलं. त्याचा अंगठ्या घातलेला हात मात्र निघेना. हातात केळं होतं आणि केळं काकाजींच्या ओठांना लागलेलं.

तेरवीला गेलो तर त्याच फोटोला हार घातला होता. हा हात कोणाचा, असं एका पाहुण्याने विचारलं. काकींनी डोळे पुसले.

"मोठ्या माणसाचा हाय. जाताना त्याच्या हातचं खाऊन गेले. नशीब लागते त्याले." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "खरं ना, भाऊ?"

"हौ," मी म्हणालो.