पार्ट राहुरीत मिळतो का?

माझ्या चुलतसासऱ्यांना यंत्रांच्या दुकानात पाऊल टाकू देऊ नये, असा सरकारने कायदाच करायला हवा. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. साखर कारखान्यात फिटर म्हणून उभा जन्म काढला, निवृत्त होऊन राहुरीजवळच्या देवळाली प्रवऱ्यात घरी बसले आणि घरातल्या झाडून साऱ्या यंत्रांचं पालकत्व त्यांनी आपणहून घेतलं. त्यांना विचारल्याशिवाय घरात मिक्सर येत नाही आणि भंगारात पंखा जात नाही. कुठलीही वस्तू दाखवा, आधी ती तळहातावर तोलणार, मग नखाने टकटक करून कान लावणार आणि शेवटी दुकानदाराच्या डोळ्यांत डोळे घालून विचारणार, "पार्ट राहुरीत मिळतो का?" मिळत नसेल तर ती वस्तू त्यांच्या लेखी जन्मालाच आलेली नाही. शेजारचा नवा जावई एकदा मनगटावरचं घड्याळ मिरवत आला. यावर फोन येतो, नाडी कळते, झोप किती झाली तेही कळतं, असं बरंच सांगत होता. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लई ब्येस. पट्टा तुटल्यावर?" जावई चहा न घेताच गेला.

लग्नाआधी मी नगरला एका ऑफिसात होते. इथून रोजचं जाणं-येणं जमेना, नोकरी सुटली आणि त्याची बोच काही केल्या जाईना. म्हणून घरूनच काम करायचं ठरवलं. लोकांच्या ऑफिसचे फोन घ्यायचे, ईमेलना उत्तरं द्यायची, भेटीच्या वेळा लावायच्या. त्याला व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात, असं मी घरात मोठ्या तोऱ्यात सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसून ऱ्हायचं, आसंच ना?" नवऱ्याने हसून मान डोलावली. एकटे नाना उठले, टोपी चढवली आणि म्हणाले, "चल नगरला. मशीन बघू."

मला हवा होता हलका, पातळ लॅपटॉप आणि बिनवायरचे हेडफोन. दुकानदाराने पातळ लॅपटॉप पुढे केला, तर नाना म्हणतात, "ह्यो काय पापड हाय का?" मग कोपऱ्यातलं एक काळं धूड त्यांनी उचललं आणि नातवासारखं पोटाशीच धरलं. "ह्याला स्क्रू हायेत बघ. खोलता येतंय." हेडफोनही वायरचेच घ्यायला लावले. का, तर वायरच न्हाई तर बिघाड हुडकायचा कुठं! अहो, काम मी करणार, कान माझे, आणि निवड यांची! मी दुकानात भांडले, स्टँडवर भांडले, एसटीत राहुरी येईस्तोवर भांडले. नाना खिडकीतून ऊस बघत होते आणि ते धूड माझ्या मांडीवर होतं. पायाला मुंग्या आल्या.

तरी काम सुरू झालं. पुण्याच्या एका डॉक्टरबाईंनी आठवडाभर काम बघून मग वर्षाचं काम द्यायचं कबूल केलं. ते मिळालं असतं तर 'बसून असते' हे शब्द घरात पुन्हा कुणाच्या तोंडून निघाले नसते, म्हणून मी जिवाचं रान केलं. शेवटचा दिवस नेमका खंडेनवमीचा. अंघोळ करून खोलीत येते तर टेबल रिकामं! लॅपटॉप नाही, हेडफोन नाही, भिंतीवरचा राउटरसुद्धा खिळ्यासकट गायब. धावत देवघरात गेले. पाटावर सगळं मांडलेलं, वर हळदकुंकू आणि झेंडू. खंडेनवमीला अवजारं धुऊनपुसून पुजायची आणि दिवसभर त्यांना हात लावायचा नाही, हा कारखान्यातला शिरस्ता नानांनी माझ्या ऑफिसलाही लावला होता.

"नाना!" मी किंचाळलेच. "आज माझी परीक्षा आहे!"

"आज अवजाराला इसावा असतोय, पोरी," ते शांतपणे म्हणाले. "वर्कशॉपातला लेथ थांबतोय, तुझ्या डाक्टरीनबाईला एक दिस थांबता येईना व्हय?"

मी लॅपटॉप ओढूनच घेतला. चालू झाला, पण नानांच्या ओल्या फडक्याचं पाणी आत उतरलं होतं. अर्धी बटणं मुकी, उरलेल्यांत कुंकू. तिकडे डॉक्टरबाईंचे पेशंट ताटकळले. दुपारी त्यांचा फोन आला. "घरून काम करणाऱ्यांचं हे असंच असतं," म्हणाल्या आणि ठेवून दिला. काम गेलं. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे, कुठं खरी नोकरी हुती ती?" मला कुणाकुणाचा राग येत होता ते सांगता यायचं नाही.

संध्याकाळी राउटर उचलायला देवघरात गेले. पाटावर एका बाजूला नानांचा कारखान्यातला पाना, दुसऱ्या बाजूला नवऱ्याच्या ट्रॅक्टरची चावी आणि बरोबर मधे माझ्या लॅपटॉपची रिकामी जागा. ज्याला सगळं घर वेळ घालवणं म्हणत होतं, ते या माणसाने अवजारांत मांडलं होतं. मला रडू फुटलं आणि रडू आलं म्हणून परत संताप आला. दिवाळीपर्यंत मी नानांशी बोलले नाही. मधेच एक दिवस ते गुपचूप कुठेतरी जाऊन आले, लॅपटॉपचा नवा कीबोर्ड माझ्या टेबलावर ठेवला आणि पाठ फिरवून म्हणाले, "राहुरीत मिळाला."

पुढे दुसरी कामं मिळाली, त्याच धुडावर. आता नानांचे गुडघे धरलेत, दुकानात येणं होत नाही. पण खंडेनवमीला माझ्या दारात उभे राहतात आणि हळूच विचारतात, "ठिवू का, का काम हाय?" ज्याने आयुष्यात कशालाही कुणाला विचारून हात लावला नाही, त्याने माझ्याच दारात असं चाचरत विचारावं? मला तर आता त्याचाच जास्त राग येतो.

यंदा विचारूच दिलं नाही. आदल्या दिवशी ज्यांची कामं करते त्या सगळ्यांना कळवून टाकलं, उद्या सुट्टी. सकाळी लॅपटॉप बंद केला, कोरड्या फडक्याने पुसला आणि दोन्ही हातांनी उचलून देवघरात नेला. नाना आधीच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आपला पाना जरा सरकवला आणि जागा करून दिली.