तळ्यापर्यंत गेलेले मोजे

उज्ज्वला गेल्याचा फोन ती राहायची त्या प्लेनोहून आला, तो सुहासला. तिचा भाऊ बोलत होता. ती आजारी होती, हे माहीत होतं. रिसीव्हर ठेवून सुहासनं मला ओट्यापाशीच सांगितलं... आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? माझ्या मैत्रिणीची बातमी आधी माझ्या नवऱ्याला का?

अमेरिकेत, ॲन आर्बरच्या आमच्या पहिल्या हिवाळ्यात ती माझीच मैत्रीण होती. नागपूरची, मोठ्यानं हसणारी, सुहासच्याच लॅबमधली. डिपेंडंट व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती. मी लायब्ररीत बसायची आणि मोजे विणायची. जपानमधल्या एका ज्वालामुखीच्या मुखात साचलेल्या तळ्याचा फोटो मला तिथल्याच एका पुस्तकात सापडला. त्या दोघांची जपानला कॉन्फरन्स ठरली तेव्हा मीच म्हटलं, आपण तिघं तिथं चढून जाऊ. मग कळलं, माझं व्हिसा स्टॅम्पिंग राहिलंय, बाहेर पडले तर परत येणं अवघड. माझं तिकीट कॅन्सल केलं. ते दोघं गेले. सुहासच्या बॅगेत मी विणलेले जाड राखाडी मोजे मीच कोंबले.

पुढं कितीतरी वर्षं डबे घेऊन जमायच्या प्रत्येक पॉटलकला मला ती गोष्ट ऐकावी लागली. वर तळ्याच्या काठाशी दगडातली छोटी बुद्धमूर्ती होती. जपानी मंडळी बुटांसकट नमस्कार करून पुढं जात होती. उज्ज्वलानं मात्र विहारात काढावेत तसे शूज काढून बाजूला ठेवले, वंदन केलं आणि अनवाणीच काठाकाठानं थोडी पुढं गेली. तेवढ्यात धुकं उतरलं. शूज काही सापडले नाहीत.

"शूज घालून बुद्धासमोर कशी उभी राहणार यार?" ती सगळ्यांना विचारायची. मग मला मिठी मारून, "तुझ्या सॉक्सनी वाचवलं गं मला!" सुहासनं बॅगेतले मोजे तिला दिले होते, त्यांवरच ती खाली उतरली.

मी हसायची आणि आतून जळून खाक व्हायची. त्यांच्यात तसलं काही नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. असतं तर भांडता तरी आलं असतं. पाण्याच्या रंगावरून मात्र त्यांचा वाद दरवेळी रंगायचा. तो म्हणायचा हिरवं, ती म्हणायची निळं, आणि मी आत पोळ्या गरम करायची. तळं शोधलं मी, आणि त्याच्या रंगाबद्दल मला तोंड उघडायची सोय नाही!

मागच्या आठवड्यात तिच्या भावाचं पार्सल आलं, माझ्या नावानं. तिनं तसं सांगून ठेवलं होतं म्हणे. आत ते मोजे. दगडांनी फाटलेले तळवे तिनं रफू केले होते, निळ्याशार लोकरीनं. सुहासनं त्या निळ्या रफूवर बोट ठेवलं.

"अगं, हिरवं होतं गं पाणी..." वाद घालायला आता समोर कुणी नव्हतं.

तो मोजे आपल्या कप्प्यात ठेवायला निघाला, ते मी काढून घेतले. मी विणलेत, मला आलेत. तिच्या आठवणीनं मीही रडतेच. पण हे वाटून घ्यायची माझी तयारी नाही.

"ते सॉक्स कुठे ठेवलेस?" जेवताना तो अधूनमधून विचारतो.

"धुवायला टाकलेत," मी सांगते. टेबलाखाली माझ्याच पायात असतात. पाणी निळंच असणार.