कॅरलवाले बोरसीला आले नाहीत ते वर्ष

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला वाटतं, आई आणि अन्नम्मा आंटींचं आपसात काहीतरी बिनसलं होतं. मी तसंच वाटू दिलं.

भिलाईच्या सेक्टरमध्ये आमच्या क्वार्टरला लागून आंटींचं क्वार्टर होतं. त्यांचे मिस्टर आणि माझे बाबा स्टील प्लांटमध्ये एकाच शिफ्टला. आंटी केरळच्या, आई भंडाऱ्याकडची. दोघींची हिंदी सारखीच मोडकी, म्हणूनच जमलं असावं. ख्रिसमसच्या आधीच्या आठवड्यात चर्चची मंडळी घरोघर गात फिरायची, कॅरल म्हणतात त्याला. आंटी त्यांना आमच्याही दारात आणायच्या. आम्ही ख्रिस्ती नव्हतो, पण आईच्या करंज्या दोन दिवस आधीच तयार असायच्या. बाबा व्हरांड्यातली स्कूटर बाहेर काढून जागा करायचे. गिटार, ढोलक, टाळ्या — आणि एक हिंदी गाणं होतं, ते आईला पूर्ण पाठ. डोक्यावर पदर घेऊन ती मंडळींच्या मागे उभी राहून गायची. मग जानेवारीपर्यंत वटाणे सोलताना तेच गुणगुणणं. मला तेव्हा वाटायचं, ख्रिसमस आमचाच सण आहे.

पुढे बाबा रिटायर झाले, सेक्टरपासून दूर, बोरसीला घर झालं, बाबा गेले. तरी कॅरलवाले येत राहिले — दोन गाड्या करून, एवढ्या लांब, फक्त आईसाठी.

आणि मी? मी कॉलनीच्या समितीचा नवा सेक्रेटरी. एका रविवारी मीटिंग संपल्यावर दोघांनी हसत विचारलं, "भैया, आपके घर ये लोग हर साल क्यों आते हैं? कुछ चल रहा है क्या? धरम-वरम बदलने का?" धमकी नव्हती. रागही नव्हता. नुसते हसले. तेवढं मला पुरलं.

मी आंटींना फोन केला. आईची तब्येत बरी नाही, म्हणालो, डॉक्टरांनी सांगितलंय, गाण्याचा आवाज सहन होणार नाही. तेव्हा आई स्वयंपाकघरात करंज्या तळत होती. तेलाचा आवाज मला ऐकू येत होता. आंटी म्हणाल्या, "फोन दो ना बेटा, दो मिनट बात करूँगी." मी म्हणालो, सो रही है.

आईला मात्र मी काहीच सांगितलं नाही. कॅरलच्या संध्याकाळी ती सहापासून नवं लुगडं नेसून व्हरांड्यात खुर्चीवर बसली. चहाचं पाणी दोनदा उकळलं. आठ वाजता तिनं विचारलं, "कावून नाही आले रे?"

"विसरले असतील," मी म्हणालो. आणि वर — "आता मोठ्या लोकाइकडे जातेत म्हणे ते."

ते दुसरं वाक्य कुणी मागितलं होतं? पहिल्यानं काम झालं असतं. मी ते का जोडलं, मला आजही सांगता येत नाही.

आई उठली. करंज्या डब्यात भरल्या. चार दिवसांनी आंटींचा फोन आला तर म्हणाली, "सांग, आंघोळीले गेली म्हणून." दुपारचे तीन वाजले होते. आंटींनी पाठवलेला केक तिनं कामवालीला दिला. पुढे फोन कमी झाले, मग थांबले. ते गाणंही थांबलं — वटाणे मुकाट्यानं सोलले जायचे. दोन वर्षं मी रोज तिच्यासमोर बसून नाश्ता केला. एका वाक्याचं काम होतं. मी मनात म्हणायचो, पुढच्या आठवड्यात सांगू. मग आई गेली.

तेराव्याला आंटी आल्या, मुलीचा हात धरून, काठी टेकत. महिनाभरात त्या कायमच्या केरळला जाणार होत्या. जेवण झाल्यावर मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "बेटा, मुझसे कोई गलती हुई थी क्या? उसने कभी कुछ बोला?"

त्यांचं वय पंच्याहत्तरच्या पुढं. डोळे माझ्या तोंडावर.

"नहीं आंटी," मी म्हणालो. "आपको बहुत याद करती थी."

त्या रडल्या. बरं वाटलं त्यांना, माझ्या गालावरून हात फिरवला. आई तर दोन वर्षं त्यांचं नावही घेत नव्हती.

ऑटो फाटकाबाहेर उभा होता. तिथवर मी त्यांचा हात धरून चाललो, त्यांच्या चालीनं, सावकाश. सांगायला वेळ भरपूर होता. पायरी सांभाळा, एवढंच मी म्हणालो.