महिपतीची चकती आणि मुक्ताबाईची काठवट

शुक्रवार पेठेतला महिपती सुतार हाताचा गुणी माणूस, पण नव्या वस्तूचं वेड म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! बहात्तरचा दुष्काळ सरून कामं सुरू झाली, तसा त्यानं गिरणीच्या भंगारातली मोटार आणून दुकानात बसवली. तिच्या पट्ट्यावर एक चकती फिरायची, चकतीला पॉलिश पेपर चिकटवलेला. फळी टेकवली की गुळगुळीत.

मोटार जोडून देताना बसवराज फिटरनं बजावलं होतं, "चकतीला दोन पुल्या हायत बघ. बारकीवर पट्टा असला की चकती जोरात पळती, ते जाड सागवानाला. जुन्या, पातळ लाकडाला मोठी पुली लाव. हळू फिरंल, पण लाकूड वाचंल."

"व्हय व्हय, कळतंय की," महिपती म्हणाला. कळत होतं, नाही असं नाही. पण पट्टा बदलायचा म्हणजे नट ढिले करा, मोटार सरकवा, परत आवळा. येवढा कुटाणा कोण करणार? त्याचं सगळं काम बारक्या पुलीवरच चालायचं.

त्याची बायको मुक्ताबाई वळसंगची. तिच्या आईनं, सोनाबाईनं, मरताना लेकीला आपली बाभळीची काठवट दिली होती. जन्मभर पीठ मळून मळून काठवटीच्या मधोमध तळहातायेवढा खळगा पडला होता. मुक्ताबाई त्याच खळग्यात पीठ मळायची आणि म्हणायची, "आयचा हात हाय ह्यो."

घासून घासून काठवटीच्या बुडाला कुसळं निघाली आणि तिच्या बोटात शिरू लागली. ती नवऱ्याला म्हणाली, "आवो, बुडाची कुसळं तेवढी काढून द्या. हातानंच घासा बरं का."

संध्याकाळी दुकानापुढं चार माणसं मशीन बघायला उभी होती. मग काय, हातानं घासतोय होय! "बघा आता गंमत," म्हणत महिपतीनं काठवटीचं बूड पळत्या चकतीला लावलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जळका वास आला, धूर निघाला. माणसं बघतायत म्हणून गड्यानं आणखी दाबलं. आतल्या खळग्यानं बूड किती पातळ झालंय, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. चकती आरपार गेली आणि खळग्याच्या जागी भोक पडलं.

जळक्या वासानं मुक्ताबाई बाहेर आली. तिनं काठवट पदरात घेतली आणि आत गेली. एखादी कडाकडा भांडली असती तर बरं झालं असतं!

महिपतीनं मग नवी काठवट केली. मशीनला हात लावला नाही. हातातल्या वाकसानं तासून कोरली, पेपरनं हळूहळू घासली, मधोमध खळगासुद्धा पाडला. मुक्ताबाई "चांगली झालीया" म्हणाली आणि तिच्यात पीठ मळू लागली. भाकरी पहिल्यासारखीच पापुद्रा धरून फुगायची. पण महिपती चोरून तिच्या तोंडाकडं बघत जेवायचा. बारक्या पुलीवर त्यानं पुन्हा कधी पट्टा चढवला नाही. त्याचा आता काही उपयोग नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

शेवटी एकदा जेवताना त्यानं विचारलंच, "मुक्ते, राग गेला न्हाय का गं अजून?"

"राग तवाच गेला," तिनं पीठ मळता मळता सांगितलं. "आय मरून धा वर्सं झाली, पण गेली म्हणून कधी वाटलंच न्हवतं. त्या दिवशी गेली."

महिपतीनं ताट बाजूला सारलं.