माहीत-नाही बाई

नगरच्या आमच्या संग्रहालयातल्या बाईंना सगळे मागून ‘माहीत-नाही बाई’ म्हणत. वस्तूंपुढच्या चिठ्ठ्या वर्षानुवर्षं त्याच लिहीत. एखाद्या वस्तूबद्दल खात्री नसली की सरळ लिहून मोकळ्या व्हायच्या, ‘हे काय आहे, माहीत नाही. कुणाला माहीत असल्यास सांगावे.’ आमच्या गावाच्या मानानं हे जरा अतीच होतं. इथे चहाच्या टपरीवरही कुणाला काही माहीत नाही, असं होत नाही.

मी केडगावहून स्कूटरवर यायचो, वस्तूंचे फोटो काढून संकेतस्थळावर चढवायला. बाई प्रत्येक वस्तू आधी उलटी करून बघत, कडेवरून बोट फिरवत, मग चष्मा पुसत. तोवर माझे चार फोटो झालेले असत. खरं सांगतो, त्या चिठ्ठ्यांची मला लाज वाटायची. ‘लोक आपल्याला काय म्हणतील?’ असं एकदा विचारलंही. बाई म्हणाल्या, ‘खोटारडे तरी म्हणणार नाहीत.’

त्यांचा जीव अडकला होता एका पितळी नळकांड्यात. वीतभर लांब, तिरक्या तोंडाचं, कडेवर बारीक खड्डे. निवृत्त होण्याआधी हे काय आहे तेवढं कळावं, एवढीच त्यांची इच्छा. नेवाशापर्यंत जाऊन विचारून आल्या होत्या. इकडे संगणकावर ‘उपयोग’ हा रकाना रिकामा चालत नसे आणि निवडायच्या यादीत ‘माहीत नाही’ नव्हतंच. बाई म्हणाल्या, थांबा, मी वर पत्र लिहिते. मी मान डोलावली आणि त्या जेवायला गेल्यावर ‘पूजासाहित्य’ निवडून टाकलं. कोण बघतंय, म्हटलं.

बघितलं की सगळ्यांनी! शाळेच्या प्रकल्पांतसुद्धा ते पूजेचं पात्र झालं. बाईंना कळलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. दोन दिवस फक्त माझा चहा सांगितला नाही.

त्यांच्या शेवटच्या आठवड्यात खर्ड्याहून एक आजी नातीबरोबर आल्या. नात बाईंची चिठ्ठी मोठ्यानं वाचत होती. आजी थबकल्या.

‘म्हाईत न्हाई? आगं, बैलाला औशीद पाजायचं हाय ह्ये. ही बग, दातं लागल्याली.’

नात ओशाळली. म्हणाली, आजीनं घरी मोबाईलवर फोटो बघून हेच सांगितलं होतं. पण खाली पूजेचं लिहिलेलं, म्हणून आम्ही सगळे तिला हसलो.

‘मंग मी गप बसले,’ आजी बाईंना म्हणाल्या. ‘शिकल्याल्या मान्सांनी लिवलंय, मंजी माजंच चुकलं आसंल.’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी आजींना खुर्ची दिली, वही काढली आणि तासभर एकेक गोष्ट विचारून लिहून घेतली. इतकं खुललेलं त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्याकडे मात्र एकदाही बघितलं नाही. आजी उठल्या तेव्हा मीच पुढे झालो.

‘आजी, ते पूजेचं मी लिहिलं होतं. मला माहीत नव्हतं.’

‘मंग तसं लिवायचं की, बाळा,’ आजी म्हणाल्या.

बाई त्या शनिवारी निवृत्त झाल्या. ती चूक कुणाची, हे त्यांनी वर कधीच कळवलं नाही. चिठ्ठ्या आता मी लिहितो.