अंदाज न लावणाऱ्या इंगळे मॅडम

सुमनताई इंगळे यांना आम्ही सगळे मॅडम म्हणतो. त्यांची माझी पहिली भेट झाली तेव्हा मी भांडायच्या तयारीत होतो. मिल बंद पडून माझी हजेरीबाबूची नोकरी गेली होती आणि बायकोने मला न विचारता आमच्या शहरातल्या पलासिया भागात त्यांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये माझं नाव घातलं होतं. पस्तिशीत कॉलेजच्या मुलांशेजारी बसायचं, याचाच राग. मॅडमनी तो ऐकून घेतला आणि विचारलं, "दिघेजी, मिलमध्ये तुम्ही काम काय करत होता?" नोकरी गेल्यापासून हे विचारणाऱ्या त्या पहिल्याच.

त्या शिकवत ती डेटाबेसची भाषा मला मोठी विचित्र वाटे. व्हेरिएबल म्हणजे माहिती ठेवण्यासाठीचं एक नाव. त्यात सकाळी आकडा ठेवा, दुपारी अक्षरं ठेवा, भाषा चकार शब्द काढत नसे. मग आत्ता आत काय आहे हे कळायचं कसं? मी ऐटीत अंदाज सांगू लागलो, तर मॅडम म्हणाल्या, "अंदाजा नका लगावू. सीधं त्यालाच विचारा ना." एक छोटी आज्ञा दिली की पडद्यावर एकच अक्षर उमटे: एन म्हणजे आकडा, सी म्हणजे अक्षरं, डी म्हणजे तारीख, यू म्हणजे काही ठाऊक नाही. मला त्याचं वेडच लागलं. तारखेतून तारीख वजा केली तर काय उरतं? पाच हा आकडा अवतरणचिन्हांत लिहिला तर? मुलगी पाहायला आलेल्या मंडळींसारखा मी सगळ्यांची चौकशी करत बसे. मॅडम कधी वैतागल्या नाहीत, उलट क्लास सुटल्यावर खुर्ची ओढून म्हणत, "आता रिकाम्या अवतरणचिन्हांना विचारा."

जवळच्या एका दवाखान्यात पेशंटची नोंदणी कॉम्प्युटरवर करायला माणूस हवा होता. नोंदणीचा प्रोग्रॅम स्वतः लिहून चालवून दाखवला तर नोकरी माझी, आणि दुसरी कुठली आशा घरात उरली नव्हती. दाखवायच्या दिवशी डॉक्टरांबरोबर मॅडमही येऊन बसल्या, आणि पहिला पेशंट म्हणून माझा मिलमधला दोस्त रघुनाथ बसला. नाव विचारल्यावर त्याने सवयीने टोकन नंबर सांगितला, "छे सौ बारा." मिलच्या गेटवर कामगार नावाऐवजी तेच सांगत आणि मी तेच हजेरीत लिहून घेई. आणि मीही सवयीने ६१२ टाइप केलं. पुढे प्रोग्रॅमला नावाआधी 'श्री' लावायचं होतं, पण अक्षराला आकडा जोडता येईना. प्रोग्रॅम तिथेच अडला. डॉक्टर खुर्चीतून उठू लागले.

"गलती माझी आहे," मॅडम म्हणाल्या. "जोडण्याआधी आत काय आलंय ते तपासायचं, हे शिकवायचं माझ्याकडून राहिलं. दहा मिनिटं द्या त्यांना." की-बोर्डला मात्र त्यांनी हात लावला नाही. मी चार ओळी घातल्या: अक्षरं नसतील तर पुन्हा विचार. परत ६१२ टाकलं. पडद्यावर आलं, 'नाव सांगा'. रघुनाथने ते वाचलं. "रघुनाथ मोरे," तो म्हणाला. "भिया, बहोत दिवसांनी कोणी नाव विचारलं."

नोकरी मिळाली. मुलं शिकली, मी तिथूनच निवृत्त झालो.

आता बायकोलाही न सांगितलेली एक गोष्ट. मॅडमनी ती तपासणी शिकवली होती, तीही दोनदा. नावाच्या जागी आकडा कोण कशाला सांगेल, या माझ्या शहाणपणापायी मीच ती गाळली होती. मॅडम माझ्यासाठी खोटं बोलल्या आणि मी गप्प राहून नोकरी घेतली. आज त्या पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांची तब्येत ठणठणीत राहो, त्यांना खूप वर्षं लाभोत. आणि त्या दिवशीची चूक यापुढे माझ्या नावावर राहो.