दिनूमामाची तिथी

मद्रासला मी पहिल्यांदा गेलो तो मामाच्या मृत्यूचा दाखला आणायला. तेही ऐन मे महिन्यात. मिरजेच्या डेअरीत मी तेव्हा नोकरीला होतो. रजेचा अर्ज वाचून साहेब म्हणाले, "उन्हाळ्यात लोक महाबळेश्वरला जातात हो!" मी म्हटलं, "ज्याची त्याची हौस."

हौस माझी नव्हती, आईची होती. दिनूमामा हा तिचा एकुलता एक भाऊ. आजोबांशी भांडून तो घरातून निघाला तो थेट मद्रासच्या उत्तरेला, एन्नोरच्या पुढे मिठागरावर मुकादम झाला. लग्न केलं नाही, परत आला नाही. मी शाळेत असताना तो तिकडेच तापाने गेला. कुणीतरी कळवलं, पण कळवणाऱ्याने कुठल्या दिवशी ते काही कळवलं नाही. मागे कोणी नाही म्हणून मी, भाचा, त्याचं श्राद्ध घालायचो. तिथी माहीत नाही, म्हणून सर्वपित्री अमावास्येला. आईला ते कधीच रुचलं नाही. "सगळ्यांच्या पंगतीत तो आयुष्यात पोटभर जेवला नाही," ती म्हणायची. "लाजायचा. त्याला त्याचा स्वतःचा दिवस हवा. माझे डोळे मिटायच्या आत तेवढं कर."

मग काय, निघालो. सोलापूरला गाडी बदलली. गुंतकलच्या पुढे डब्यातलं मराठी संपलं आणि मी मुका झालो.

सकाळी सेंट्रलला उतरलो तेव्हा अंगाला शर्ट चिकटलेला आणि कानावर नुसता तमिळचा ताशा. आज सगळे चेन्नई म्हणतात, पण माझ्या तोंडात अजून मद्रासच येतं. त्या गर्दीत धोतर नेसलेले, उंच, कपाळावर गोपीचंदन लावलेले एक गृहस्थ सरळ माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "मिरजेहून आलांत कीं? मी सेतुमाधवराव."

ओळखीच्या ओळखीतून मिळालेला हा यजमान. मूळ तंजावरचं मराठी घराणं, शेकडो वर्षं तिकडेच. स्वतः विमा कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांचं मराठी ऐकून मला आमच्या देवघरातल्या पोथ्यांची आठवण झाली. त्यांना मात्र माझं मराठी झेपेना. घरी त्यांच्या पत्नी, कावेरीअक्का, दोनदा माझ्या तोंडाकडे बघून शेवटी म्हणाल्या, "हळू बोला. तुमची मराठी पळते."

ट्रिप्लिकेनमधलं त्यांचं घर म्हणजे एका लांब बोळात एकामागे एक खोल्या. दारात रांगोळी, माजघरात झोपाळा. आधी कॉफी आली, पितळी पेल्यात आणि वाटीत, वरून खाली ओतून फेस आणलेली. मी चहाचा माणूस, पण त्या कॉफीने मला बाटवलं. जेवायला पिट्लै आहे, असं अक्का म्हणाल्या तेव्हा मी खूश झालो. चला, परमुलखात पिठलं मिळालं! केळीच्या पानावर पडली ती चिंच घातलेली, तुरीच्या डाळीची कारल्याची आमटी. माझा चेहरा बघून अक्का म्हणाल्या, "हें तुमचेंच. तुम्हीच विसरलांत." कारलं मी जन्मात खाल्लं नव्हतं. तिथे दोनदा मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी राव आणि मी विजेच्या गाडीने उत्तरेला निघालो. शहर मागे पडलं, मग वीजकेंद्राच्या चिमण्या दिसल्या, आणि त्याही मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना मिठागरं लागली. पाण्याचे चौकोन, कडेला मिठाच्या पांढऱ्या राशी, उन्हात डोळे उघडवेनात. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया बांधावरून चालत होत्या. इथे दिनूमामाने अख्खं आयुष्य काढलं. घरी त्याचा विषय निघाला की मी कंटाळायचो, आणि आता खिडकीतून मान आत घ्यावीशी वाटेना.

एका लहान स्टेशनावर उतरून बस, आणि बसमधून उतरून ताडांच्या रांगेतून पायी, असं करत त्या कचेरीत पोचलो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे मी जो तमाशा केला तो कुणाच्या लक्षात असला तर पंचाईत. कौलारू बैठी इमारत, ओट्यावर झोपलेलं कुत्रं, आत कपाळभर भस्म लावलेले एक कारकून. रावांनी काम सांगितलं. कारकुनांनी विचारलं.

"तारीख मागतात," राव म्हणाले.

"तारीख कळावी म्हणूनच तर दाखला हवाय."

रावांनी ते तमिळमध्ये सांगितलं. उत्तर आलं. "तारखेवांचून शोधतां येत नाही, म्हणतात."

"शोधल्यावाचून तारीख कशी कळेल?"

असं आमचं तळ्यात-मळ्यात बराच वेळ चाललं. साल मला ठाऊक होतं, महिना नव्हता. शेवटी कारकुनांनी घड्याळाकडे बघितलं, जेवणाच्या डब्याची कडी सोडली आणि म्हणाले, "नाळैक्कु वांग" (उद्या या). माझं डोकंच फिरलं. दीड दिवस गाडीत शिजून आलेला माणूस मी! त्यांच्या खात्याचा, डब्याचा आणि ओट्यावरच्या कुत्र्याचा मी शुद्ध मराठीत उद्धार केला. कारकुनांनी शांतपणे रावांकडे पाहिलं. राव तितक्याच शांतपणे दोन शब्द बोलले.

"काय सांगितलंत?"

"ऊन फार आहे, म्हणालों."

मला हसू आलं आणि रागाचा बार फुसका झाला. मग कारकुनांनी काहीतरी विचारलं. एवढा जुना दाखला कशाला, जमिनीचा वाद आहे का, असं ते विचारत होते. रावांनी मान हलवली आणि ते जे बोलले त्यातला एक शब्द मलाही कळला. तिथी. तिकडे श्राद्धालाच तिथी म्हणतात.

कारकुनांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "तिथी? ताय्मामन्?" (आईचा भाऊ?)

मी मान डोलावली. त्यांनी डबा लोटला, कडी लावली आणि आतल्या खोलीत गेले. धूळ झटकल्याचे आवाज येत राहिले. भूक मलाही लागली होती, पण आता बोलायची सोय नव्हती. बऱ्याच वेळाने ते घामाघूम होऊन बाहेर आले, दाखला स्वतःच्या हाताने लिहिला, शिक्का मारला आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. नमस्कार तेवढा केला.

संध्याकाळी घरी राव स्टुलावर चढले आणि माळ्यावरून जुन्या पंचांगांचा गठ्ठा काढला. त्यांच्याकडे तिथ्या चांद्रमासाच्याच, आपल्यासारख्या. दाखल्यावरची तारीख धरून ते बोट फिरवत गेले, आणि काम फत्ते झाल्यासारखे म्हणाले, "सांपडली. कार्तिक शुद्ध द्वितीया."

मी दाखला हातात घेऊन ती तारीख पुन्हा वाचली.

"काय झालें? त्या दिवशीं काय असतें?" अक्कांनी विचारलं. त्यांची दिवाळी चतुर्दशीच्या पहाटे सुरू होते आणि त्याच दिवशी संपते. पुढचे आपले दिवस तिकडे राहून गेले.

"भाऊबीज," मी म्हणालो. मग सगळं सांगावं लागलं. की त्या दिवशी भाऊ बहिणीकडे जेवायला येतो, ती त्याला ओवाळते. की भाऊ दूर असला तर ती चंद्राला ओवाळते, त्याच्या आयुष्यासाठी. की माझी आई दरवर्षी अंगणात जाऊन ओवाळायची आणि अजून ओवाळते. म्हणजे त्याही संध्याकाळी, तो तिकडे गेला तेव्हा, ती हातात ताट घेऊन उभी होती.

अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. "सांगूं नको तिला. तृतीया म्हण. एक दिवसाने काय होतें?"

"काय होतें?" राव एकदम तापले. "पितर एक दिवस आधीं येऊन उपाशीं जाईल, तें होतें."

"पितराचें राहूं द्या. जिवंत बाईचें पाहा."

त्यावर नवराबायकोचं जे जुंपलं ते अर्धं तमिळ आणि अर्धं पोथीतलं मराठी, मला निम्मंच कळलं. रात्री जेवताना दोघं एकमेकांशी बोलत नव्हते आणि माझ्या पानात दोघंही वाढत होते. निघताना अक्कांनी वाटेसाठी चिंचेचा भात बांधून दिला आणि हळूच पुन्हा म्हणाल्या, "तृतीया."

परतीच्या गाडीत मी तेच ठरवलं. आई सत्तरीची. खोटं बोललो तर कुणाचं काय बिघडणार होतं? रायचूरपर्यंत मी ते वाक्य मनात घोळवत होतो.

मिरजेला घरी पोचलो. आईने पायांवर पाणी घालायला तांब्याही दिला नाही. "मिळाली?"

मी तोंड उघडलं ते 'तृतीया' म्हणायलाच. पण ती माझ्याकडे ज्या आशेने बघत होती, ते बघून जीभ वळेना. "आई, भाऊबीज," मी म्हणालो.

ती खाली बसली. कितीतरी वेळ नुसती जमिनीवर हात फिरवत राहिली. मी जवळ बसलो. मग म्हणाली, "दरवर्षी मी त्याला बोलावणं धाडायची. एकदा तरी ये रे. कधी आला नाही."

त्या वर्षी भाऊबीजेला श्राद्ध घालायचं म्हटल्यावर भटजी कुरकुरले. सणाचा दिवस, म्हणाले. आईने त्यांना एका वाक्यात गप्प केलं, "सण त्याचाच आहे." दुपारी मी पिंडदान केलं. आईने अळूची भाजी, वडे, खीर असं सगळं त्याच्या आवडीचं रांधलं होतं. पान वाढून ती जरा बाजूला उभी राहिली, समोर बसलेल्याला संकोच होऊ नये तशी.

दिवस मावळल्यावर सवयीने मी अंगणात पाट मांडला. पश्चिमेला बारीक कोर दिसत होती. "आई, चंद्र आलाय," मी हाक मारली.

ती दारापर्यंत आली, वर बघितलं आणि म्हणाली, "पाट आत घे. आज माझा भाऊ घरी येऊन जेवून गेला. आता चंद्राला कशाला ओवाळू?"

आणि पदर खोचून ती दुपारची भांडी घासायला बसली.